तोफेच्या क्रूसावरचं नाव

१६ नोव्हेंबर १९१५, पेच

माघारीचा हुकूम आला – तोफा मोडा! मागे शत्रू, पुढे अल्बेनियाचे डोंगर. शेळ्यांची वाट, तिथून आमची हॉवित्झर तोफ जाणार कशी? तोफ ओढणारे बैल मारून खायचे.

थोरला भाऊ वुकोमान सकाळपासून तिची नळी पुसत बसलाय. गेल्या तिन्ही लढाया तो हिच्यावरच गोलंदाज. बार उडाला की नळी मागे सरकून आपोआप जागेवर यायची, गाडा तसूभर हलायचा नाही. नव्या भरतीला दाखवायला हा गाड्यावर राकिया दारूचा भरलेला पेला ठेवायचा. "सांडला तर मी प्यायचा नाही!" कधी सांडला नाही. हा पिऊन मोकळा.

१७ नोव्हेंबर

बाकीच्यांनी तोफा दरीत लोटल्या. ऐकवत नव्हतं.

दादा म्हणाला, "परत येऊ तेव्हा काय दगड मारायचे?" कॅप्टनसाहेबांनी पाठ फिरवली – म्हणजे परवानगी. गाडा जाळला आणि नळी चर्चमागच्या कबरस्तानात पुरली. वर माती, क्रूस. कबर कोण उकरतंय?

पण क्रूसावर नाव कुणाचं? बिननावाच्या कबरीचा संशय येणार. मेलेल्याचं लिहावं तर त्याला दोन कबरी, आत्मा भटकायचा. जिवंत माणसाचं म्हणजे धडधडीत अपशकुन! सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दादा वैतागला. "लिहा माझं!"

"दादा, नको. आईचे दोन मुलगे आधीच गेलेत."

"म्हणून तर! मरण मला शोधत येईल, क्रूस बघेल, म्हणेल – हा तर नेऊन झाला. जाईल परत."

मीच कोरलं. खाली आमच्या गावाचं नावसुद्धा.

२४ नोव्हेंबर

बर्फ. बसलेली माणसं उठत नाहीत. दादा मला लाथा घालून चालवतो.

९ डिसेंबर, समुद्रकाठी

गावचा रादोयको भेटला. दादाला बघून छातीवर क्रूसाची खूण केली, मागे सरला, आणि रडायलाच लागला! तो पेचहून आमच्या मागनं आला. कबर पाहिली, मेणबत्ती लावली. आणि लंगडा मिलोये घरी परत चालला होता, त्याच्याबरोबर आमच्या आईला निरोप धाडला – "येलित्साकाकूला सांग, तिसराही गेला."

दादा आधी खदाखदा हसला. मग रादोयकोची गचांडीच धरली. "पाठव कुणाला तरी मागे!" कुणाला पाठवणार? मागे सगळा मुलूख शत्रूचा.

तेव्हापासून त्याचं एकच चाललंय – "चाळिसाव्या दिवशी आई श्राद्धाचे गहू शिजवील. माझ्या नावाचे."

१२ जानेवारी १९१६, कोर्फू बेट

अखेर भाकरी मिळाली, तर दादाच्या पोटात ठरेना. असे शेकड्यांनी आहेत. पण म्हणतो, "मला मरून चालायचं नाही. एकदा दारात उभा राहीन. म्हातारी आधी काठी हाणेल, मग रडेल."

रेडक्रॉसची बाई घरी कार्ड पाठवते. दादाने स्वतः सांगितलं, मी लिहिलं – "आई, वुकोमान जिवंत आहे. ती कबर खोटी." खाली त्याने वाकडीतिकडी सही केली. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. देवा, लवकर पोचू दे!

१९ जानेवारी

दादा गेला. इथे पुरायला जागा नाही, होडीतून नेऊन समुद्रात सोडतात.

कार्डांची बोट काल सुटली. आई आता त्याची वाट बघेल.