आंबट मलाच लागेना

प्रिय आई,

मनातल्या मनात तुझा हात कपाळाला लावून, नमस्कार करून लिहायला बसले आहे. मी मजेत आहे, काळजी करू नकोस.

सासूबाई मला खूप जपतात. बाजारालासुद्धा जाऊ देत नाहीत. "नवरा बोटीवर गेला नि हिला पाय फुटले, असं लोक म्हणतील," म्हणतात आणि फाटकाला कुलूप घालतात.

रविवारी मात्र सिनिगांगचं आंबट कालवण मीच केलं. अंगणातल्या झाडाच्या हिरव्या चिंचा उकडून कोळ गाळला. तांदळाच्या धुवणात डुकराचं मांस शिजवलं, मुळा घातला, शेवटी नाळीची भाजी. अगदी तुझ्यासारखं.

चव घेतली, तर मला आंबटच लागेना. आणखी कोळ ओतला, पुन्हा ओतला. जेवताना दीर ओरडला, "वहिनी, दात आंबले की!" मी तर आणखी वाढून घेत होते.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग गालात हसून म्हणाल्या, "कितवा गं?"

आई, तुला मी नाताळात तिकडे येऊन सांगणार होते. बाळंतपणही तिथेच करायचं मनात होतं.

जेवणं झाल्यावर त्यांनी माझी बॅग माळ्यावर टाकली. "पोटुशी बाई समुद्र ओलांडत नाही." आता रोज स्वतः चिंचा पाडून माझ्या हातात देतात. मी खाते. काय करू, खाव्याशा वाटतात.

बाबांचा खोकला कसा आहे? माझी खाट अजून खिडकीपाशीच आहे ना? आता हलवलीत तरी चालेल.

तुझीच,
दिवीना