झाकणभर निळं पाणी

प्रिय चिऊ,

फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणून मोकळी होतेस आणि मीही ‘आम्ही मजेत’ म्हणते. दोघी सारख्याच खोटारड्या. म्हणून आज कागद घेऊन बसले.

आम्ही मजेत नाही. बाबांचं हृदय थकलंय, पायांवर सूज आहे. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. पोरांना धावायला शिकवताना ज्या माणसानं उभा जन्म ‘पाणी प्या रे’ म्हणून घसा फोडला, त्याला आता मी पेला मापून देते आणि वर डोळे वटारते. नशिबानं बरी थट्टा मांडलीय.

तुम्ही पोरं धावून आलात की ते आधी घड्याळ बघायचे नाहीत, पाठ बघायचे. वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे सगळ्यांत जास्त तुझ्या बनियनवर. मग त्या मोठ्या पिंपातलं साखर-लिंबाचं पाणी तुझ्या पेल्यात ओतताना मिठाची चिमूट जरा मोठी व्हायची. तू तोंड वेडंवाकडं करून प्यायचीस, आणि त्यांना वाटायचं पोरीला आवडलं.

पुढे तू व्हिटॅमिनच्या पाण्याच्या कंपनीत लागलीस. गेल्या वर्षी बाबांच्या पोरांच्या शर्यतीत शेवटच्या रेषेजवळ तू निळ्या बाटल्यांचं टेबल मांडलंस, शेजारी तुझे साहेब उभे. आणि तुझ्या बाबांनी कर्णा उचलून सगळ्या पालकांना सांगितलं, की एवढ्याशा धावण्याला साधं पाणी पुरतं, तासन्‌तास उन्हात घाम गाळलात तर मीठ-साखर लागते, जीवनसत्त्वं घरच्या जेवणात असतात, रंगाला भुलू नका. खोटं काही बोलले नाहीत गं. पण खरं कुठं बोलावं, हे त्यांना कधी कळलंय? तू टेबल आवरलंस आणि त्यांच्याशी बोलणंच टाकलंस. एकाच मातीचे दोघं, कोण कुणाला समजावणार? मला हळहळ एवढीच वाटते, की त्या सकाळी तू त्यांची शाबासकी घ्यायला आली होतीस, हे मला दिसलं आणि त्यांना नाही.

त्या दिवशी टेबलाखाली राहिलेली नमुन्याची एक इवलीशी बाटली त्यांनीच घरी आणून फळीवर ठेवली होती. गेल्या आठवड्यात ती मला उघडायला लावली. डॉक्टर नको म्हणाले, मीठही नको आणि साखरही नको. यांनी हुज्जत घालून झाकणभराची परवानगी मिळवली, तीही आपल्या वाट्याच्या पाण्यातून कापून. रोज दुपारी मी फ्रिजमधून बाटली काढते. ते झाकण तोंडाला लावतात, ‘साखर जास्तच आहे’ म्हणतात आणि झाकण पुसून माझ्या हातात देतात. आता बाटली तळाला आलीय. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणू का, असं काल विचारलं, तर म्हणाले, छे, विकत घेण्यासारखी वस्तू आहे का ती! मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, चिऊनं आणली तर गोष्ट वेगळी.

वाट बघणारी,
तुझीच आई