सव्वा टक्क्याचं पाणी

डिंगोरे, ता. जुन्नर
रविवार, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप भागुजी दाजी यांस,

धाकट्या मेव्हण्याचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्काचा खोकला गेला का? निमगावात कांदा काढायला माणसं मिळाली असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत आहोत. फोन सोडून पत्र कसं, असं तुमच्या मनात येईल. आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि यशोधरा कायम फोनजवळ असते, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गेल्या महिन्यात माझे शाळासोबती गोरखभाऊ (तुमचेच विद्यार्थी, तुम्ही ज्यांना पाढे चुकले म्हणून अख्खा तास उभं केलं होतं ते) घरी आले. ते आता पेन्शनच्या पॉलिस्या विकतात. काळी बॅग, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात एक चकचकीत पुस्तिका, तिच्यावर एक पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्रावर पळताना दाखवलेलं. का पळतंय ते आत कुठेच लिहिलेलं नाही. गोरखभाऊ म्हणाले, साठीनंतर तुमचं असंच होणार. मला पळायची हौस नाही, पण मी सहीला पेन काढला. एवढ्यात यशोधरा दूध सेंटरवरून आली आणि तिनं उंबऱ्यातूनच विचारलं, "फी किती याची?"

"फी? वैनी, फी नसतीच. चार्ज असतो," गोरखभाऊ म्हणाले.

तेव्हापासून माझे वाईट दिवस सुरू झाले. यशोधरेचा हुकूम सुटला की आधी कंपनीत जाऊन विचारा, तिथं काही पेन्शन आहे का, आणि त्यावर किती कापतात. मी ठामपणे सांगितलं, आमच्या ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात असलं काही नाही. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या नूतन मॅडमकडे गेलो. त्यांनी माझी पगाराची चिठ्ठी पुढे ठेवली आणि 'एनपीएस' या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. दाजी, आता तुमच्यापासून काय लपवायचं! सहा वर्षं मी त्या कपातीला 'नाश्ता, पोहे, समोसा' समजत होतो. पैसे कापतातच तर सोडायचे कशाला, म्हणून रोज कँटीनमध्ये हक्कानं दुसरी प्लेट घेत होतो. (वाढणारे गेणभाऊ कधी काही बोलले नाहीत. त्यांना वाटायचं, मी युनियनचा माणूस आहे.) मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सहा वर्षांपूर्वी मी न वाचता सही केली होती, आणि तेव्हापासून निम्मे माझे, निम्मे कंपनीचे असे पैसे राष्ट्रीय पेन्शनच्या खात्यात साठत होते. न वाचता केलेल्या सहीनं माझं भलं झाल्याची ही पहिलीच वेळ. मी आनंदात तिथंच दोन समोसे मागवले, या वेळी रोख देऊन.

त्या खात्याचा खर्च मॅडमनी कागदावर लिहून दिला. खातं सांभाळण्याचे वर्षाला थोडे रुपये, आणि पैसे गुंतवणाऱ्याचा वाटा टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. गोरखभाऊंच्या पुस्तिकेत मात्र, पळणाऱ्या जोडप्याच्या पायाखालच्या वाळूत, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन आकडे सापडले. प्रत्येक हप्त्यातून आत जातानाच पाच टक्के, आणि साठलेल्या रकमेवर दरवर्षी सव्वा टक्का. मी म्हणालो, सव्वा टक्का म्हणजे शंभरातला सव्वा रुपया, त्यात काय एवढं! दाजी, दिवसभर दुधाची फॅट तपासणाऱ्या बाईपुढं हे बोलायला नको होतं. "सेंटरवर फॅट एका पॉइंटानं कमी लागली तर लोक कॅन आपटत्यात," ती म्हणाली, "आन तुमी सव्वा टक्का सोडून देताय व्हय?"

पुढच्या वेळी गोरखभाऊ आले, तर अंगणात दोन रिकामे कॅन तयार. एक लिटर पाणी म्हणजे एका वर्षाचा हप्ता. एक कॅन कंपनीच्या पेन्शनचा, त्यातून ती दर 'वर्षी' काचेच्या नळीनं थेंब काढायची. दुसरा पावण्यांचा, म्हणजे गोरखभाऊंच्या पॉलिसीचा; त्यात दर लिटर ओतण्याआधीच ती पाच टक्के बाजूला काढायची. कॅनातला सव्वा टक्का काढायचं काम तिनं गोरखभाऊंनाच दिलं आणि काढलेलं पाणी टाकायला त्यांच्यापुढे बादली ठेवली. पहिल्या वर्षी चमचाभर निघालं. गोरखभाऊ खुशीत. पण वाटा निघतो तो अख्ख्या साठ्यातून, नुसत्या नव्या लिटरातून नाही, हे आठव्या वर्षी माझ्याही डोक्यात शिरलं. पंधराव्या वर्षाला त्यांना पेला लागला. शेजारच्या साळुबाई येऊन पायरीवर बसल्या आणि दर वर्षाला मोठ्यानं आकडा पुकारू लागल्या. विसाव्या वर्षी गोरखभाऊंचे बूट भिजले. पंचविसाव्या वर्षी मापानं मोजलं, तर पावण्यांच्या कॅनात साडेचार लिटर कमी! "आन हे नुसतं पाणी हाय," यशोधरा म्हणाली, "पैसा वाढतो, म्हंजी तूटबी वाढंल." गोरखभाऊंनी बादली उचलली. मग त्यांनी त्याच पाण्यानं आपली मोटारसायकल धुतली आणि पुन्हा येतो म्हणून गेले.

कंपनीच्या पेन्शनलाही खोट आहेच. साठीपर्यंत सगळा पैसा हातात येत नाही. यशोधरेच्या मते माझ्या बाबतीत हाच तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. पण खरी बातमी पुढंच आहे. दूध सेंटरवर तिला पेन्शन नाही. नोकरीतून मिळत नसली तरी हे खातं आपलं आपण उघडता येतं, हे कळल्यावर मंगळवारी तिनं स्वतःच्या नावानं उघडलं. वारस म्हणून आमची हर्षाली. संध्याकाळी जिलबी आणली आणि खात्याचा नंबर आम्हाला तीनदा वाचून दाखवला. म्हणाली, "म्हातारपणी चहाला पैसं मागाया तुमच्या म्होरं उभी ऱ्हायची नाय." दाजी, एवढी खूश मी तिला आमच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. (लग्नात कारण मी होतो.)

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कपिल

ता. क. एक छोटं काम होतं. शाळासोबत्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं मला जमेना, म्हणून मी गोरखभाऊंना सांगितलं की माझी फार इच्छा आहे, पण दाजींनी सक्त मनाई केली आहे. ते म्हणाले, मग गुरुजींनाच भेटतो. येत्या रविवारी ते तुमच्याकडे येतील. तुम्ही फक्त पूर्वीसारखं चष्म्यावरून बघा. यशोधरेला यातलं काही बोलू नका.

ता. क. २. दाजी, मी यशोधरा. पाकीट डकवायला माझ्याकडंच आलं. गोरखभाऊंना रागावू नका. ते मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला येत आहेत, जेवल्याशिवाय सोडू नका. पॉलिसीला मी त्यांना बुधवारीच रस्त्यात गाठून सरळ नाही म्हणाले. तर हसले आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "वैनी, कुणाला सांगू नगा, माजं सोताचं खातंबी एनपीएसातच हाय."