छपरावरच्या दोन थापा

रविवार, ७ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिना चढणं बंद कर आणि खालच्या खोलीत बस्तान हलव. तू तर माझं कधीच ऐकत नाहीस, निदान तिनं ऐकावं. मी ठणठणीत. गॅरेज हल्ली अर्धाच दिवस उघडते, बाकी वेळ उंडारते.

एक गोष्ट सांगायची आहे आणि तुला राग येणार आहे, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते. पत्र फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून फाड.

मागच्या वर्षी आपल्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन आले. ट्रॅक कसला, आता तिथं भलंमोठं दुकान आहे. ओल्यात चाकं जागच्या जागी गरगरवून टायर तापवायला आपण पाणी ओतायचो तिथं लोक गाड्या लावतात, आणि सुटायची रेघ होती तिथं पैसे भरायची रांग. पट्टा संपायचा तिथं फ्रिज आणि वॉशिंग मशीन मांडलेत. मी हातात साबण घेऊन उभी आणि नाकात जळक्या रबराचा वास. वाईट नाही वाटलं रे, हसूच आलं. तू माझी गाडी पट्ट्यात सरळ लावायचास, वाकून चाकं बघायचास आणि मग छपरावर दोन थापा मारायचास. त्या पडल्या की माझी भीती पळायची. शर्यत तर पापणी लवेपर्यंत संपायची. मला आठवतात त्या थापाच.

तर त्या रांगेत एक जण मध्येच घुसला. मागून आवाज आला, "साहेब, रेघेच्या मागे व्हा." मी न वळताच ओळखलं. आपले दिवेवाले. शर्यत सोडायचे दिवे लावणारे, ज्यांनी फायनलला माझ्यासमोर लाल दिवा लावून मला बाद केलं आणि ज्यांचा विषय तू त्या दिवसापासून घरात काढू देत नाहीस.

गेलं वर्षभर आम्ही रविवारी एकत्र चहा पितो. त्यांची बायको जाऊन बराच काळ लोटला. माझं तुला माहीतच आहे, मला कुणी पसंत पडलं नाही ते नाहीच. आता पडलं. दादा, आम्ही लग्न करतोय. लिहून टाकलं एकदाचं.

मी त्यांना म्हटलं, "दादाला एकदा म्हणा ना, दिवा चुकला. तुमचं काय जातंय?"

तर म्हणाले, "हिरवा दिवा लागायच्या आधीच तुमचं चाक रेघेपुढे गेलं होतं. आता तुम्ही हव्यात म्हणून ते मागे कसं घेऊ?"

मी दोन दिवस अबोला धरला. मग वाटलं, असाच माणूस बरा. तू तरी वेगळा कुठं आहेस? एक नट ढिला दिसला तर मी कितीही आकांडतांडव केलं तरी गाडी सोडायचा नाहीस.

आणि खरं सांगू का? हरले मी आणि राग धरलास तू. माझ्यासाठी धरलास, हे मला कळतं, आणि तेव्हा फार बरं वाटलं होतं. माझ्या बाजूनं एवढं भांडणारं दुसरं कुणी नव्हतं. पण मी केव्हाच विसरले, दादा. आता तूही सोड.

वीस तारखेला कचेरीत जाऊन सह्या करायच्या, बस्स. आपली जुनी गाडी मी दुरुस्त केली आहे. इंजिन तुझ्याच हातचं, फार नखरे न करता सुरू झालं. तिच्यातूनच जाणार, चालवणार मी. दिवेवाले शेजारी गप्प बसतील, तसं कबूल करून घेतलंय. तुला त्यांच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. चाकं तेवढी बघायला ये.

सकाळी मी दारात गाडी चालू करून बसलेली असेन. छपरावर दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलणार नाही, मग कचेरी बंद झाली तरी चालेल.

तुझ्या हाताची वाट बघणारी,
बारकी