रजतच्या नोंदीतील 'चोरी' हा शब्द काढण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक तथा अध्यक्ष, शिस्त समिती,
कै. तानाबाई स्मृती विद्यालय, नाचणगाव,
ता. देवळी, जि. वर्धा.

विषय: इयत्ता दहावीतील रजत धर्मेंद्र ढगे याच्या नोंदीतील 'घरातून चोरी' हे शब्द वगळणेबाबत.
संदर्भ: शिस्त समितीची बैठक, दि. १६ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार ही रजतची आत्या असून पुण्यात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दप्तरात सापडलेले व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी ई-सिगारेट, रजतने मयत आजोबांच्या कपाटातून चोरले, अशी नोंद त्याच्याच कबुलीवरून झाली. ती कबुली खोटी आहे. अर्जदार त्या वेळी बैठकीत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होती आणि गप्प राहिली.

२. अर्जदाराचे वडील कै. रूपराव ढगे यांची बिडी सुटत नव्हती. देशात व्हेपवर बंदी आहे हे ठाऊक असूनही अर्जदाराने परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांकडून ते मागवले. वडिलांनी विचारले होते, "यानं काई होत तं नाई ना?" अर्जदाराने सांगितले की नुसती वाफ आहे. पुस्तकांत वावरणाऱ्या अर्जदाराने खोक्यावरच्या निकोटिनबद्दलच्या चार ओळीही वाचल्या नव्हत्या. आठ दिवसांत वडील पुन्हा बिडीकडे वळले.

३. वडील ९ नोव्हेंबरला हृदयविकाराने गेले. तेरवीनंतर त्यांच्या वस्तू वाटताना रजत म्हणाला, "आबाचं ते मले दे." आठवण म्हणून मागतो आहे, या समजुतीने अर्जदाराने ते स्वतः चार्ज करून, त्यात घालायच्या द्रवाच्या उरलेल्या सहा कुप्यांसह त्याला दिले. तेव्हाही वाफेचेच वाक्य उच्चारले. त्या वेळी घरात सर्वांचे डोळे ओले होते. तरी ही सबब म्हणून सांगत नाही.

४. कुप्या संपल्यावर रजतने मित्रांकडून आणखी मिळवल्या. कबड्डीत चढाई करणारा मुलगा आता जिना चढून थांबतो. त्याला झोप लागत नाही, तो आईवर खेकसतो. डॉक्टरांनी सांगितले की या वयातल्या मेंदूला निकोटिनची सवय फार लवकर जडते आणि सोडताना असेच होते. त्याचा हा उद्धटपणा नसून त्रास आहे, हे वर्गशिक्षकांस कळवावे. व्हेप ओढल्याबद्दलची शिक्षा कमी करावी, असे अर्जदाराचे म्हणणे नाही.

५. मात्र 'चोरी' हा शब्द दाखल्यावर जाऊ नये. त्या जागी 'आत्याने दिले' असे लिहावे. रजतने प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागितली, तशीच अर्जदाराकडूनही मागवून घ्यावी. पुण्याहून येण्यास अर्जदार केव्हाही तयार आहे. या अर्जाची प्रत पोलीस ठाण्यातही दिली आहे. तेथील हवालदारांनी ती दोनदा वाचून, "मॅडम, तुमच्याविरुद्ध तुम्हीच?" असे विचारले. होय, असे सांगून पोच घेतली.

६. बैठकीनंतर शाळेच्या फाटकापाशी अर्जदाराने रजतला विचारले, खोटे का बोललास. तो म्हणाला, "आबा आत्ताच गेले तुये. तू काऊन बोलणे खातं, आत्या?" पंधरा वर्षांच्या मुलाने अर्जदाराचे दुःख सांभाळले आणि अर्जदाराने ते सांभाळू दिले.

तरी समितीची बैठक पुन्हा बोलवावी, आणि या वेळी रजतच्या आधी अर्जदारास बोलू द्यावे, ही विनंती.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारी,
आकांक्षा रूपराव ढगे
नाचणगाव, दि. २१ जानेवारी २०२६

सोबत: डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, पोलीस ठाण्याची पोच, व्हेपचे रिकामे खोके.