पाव मिलिमीटर

निमगाव सावा,
रविवार, दि. १० सप्टेंबर २००६

प्रिय कल्याणी,

सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलतो, तरी हा माणूस पत्र कशाला लिहायला बसला, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तुझी आई शेजारी उभी राहून मधेमधे बोलते, आणि मला जे सांगायचंय ते मधे कुणी बोललं की सुटून जाईल. शिवाय फोनवर मी 'हां, बरं, ठेवतो' याच्या पुढं कधी जात नाही, हे तुला ठाऊक आहेच. म्हणून धाकट्या प्रबुद्धच्या वहीची पानं फाडली. तो लई ओरडला. बारावीचं वर्ष आहे म्हणून साहेबांना हल्ली सगळ्यावर ओरडायचा परवाना मिळालाय.

विषय तोच आहे, पुण्याच्या दातांच्या कॉलेजातून तुझ्या नावानं आलेलं कार्ड. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या अभ्यासातल्या छत्तीसच्या छत्तीस मुलांना त्यांनी परत बोलावलंय. मधेच सुटलेल्यांनाही. वीस तारखेला तुझी पाळी आहे. फोनवर तू म्हणालीस, "मी जाणार नाही, फाडून टाका." मी फाडलं नाही, ते याच पाकिटात आहे. तू जावंस असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगायला जरा मागं जावं लागेल, तेव्हा शांतपणे वाच.

तू पाचवीत होतीस. शाळेत पुण्याची गाडी आली, पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी उतरली आणि एकेकाला आ करायला लावून बॅटरी मारून बघू लागली. संध्याकाळी निरोप आला की कल्याणीच्या आईवडिलांनी थांबावं. हर्षाली मॅडम तेव्हा स्वतःच शिकत होत्या, डॉक्टरकीच्या वरच्या परीक्षेसाठी त्यांचा हा अभ्यास चालला होता. त्यांनी मला तुझ्या तोंडात बघायला लावलं. वरचा जबडा अरुंद, त्यामुळं डाव्या बाजूला खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेरून बसायच्या, आणि तोंड मिटताना तू हनुवटी डावीकडं सरकवायचीस. दहा वर्षं आम्ही ते रोज बघत होतो आणि पोरगी लाडानं तोंड वाकडं करते असं समजत होतो! मॅडम म्हणाल्या, या वयात टाळूच्या मधली शिवण अजून जुळलेली नसते, तिथं स्क्रू बसवून हळूहळू रुंदी वाढवता येते. मी एसटीच्या वर्कशॉपातला फिटर माणूस. टाळूत स्क्रू म्हटल्यावर माझे कान टवकारलेच.

त्यांच्याकडं दोन तऱ्हा होत्या. एकीत स्क्रू दाढांना पक्का चिकटवायचा, रोज तोंडातल्या तोंडात फिरवायचा. दुसरीत काढता-घालता येणारी प्लेट, तिचा स्क्रू आठवड्यातून दोनदा फिरवायचा. यातली कुठली चांगली, हेच त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या पोरीला पक्कीच द्या." त्या म्हणाल्या, "तुम्ही निवडली किंवा मी निवडली, तर तो अभ्यास राहत नाही." मग बंद पाकिटांतलं एक तू उचललंस आणि त्यात प्लेट निघाली. मला तो प्रकार फार आवडला. साहेबाच्या मर्जीनं काही ठरत नाही अशी जागा मी पहिल्यांदाच बघत होतो.

महाळुंगे पडवळचा तो भरत आठवतो का, त्याला पक्का स्क्रू मिळाला होता? दहाव्या दिवशी आपण गेलो, तेव्हा त्याच्या पुढच्या दोन दातांत बोटाचं नख जाईल एवढी फट पडली होती. त्याची आई पदर तोंडाला लावून रडत होती, माझ्या पोराचे दात फाकले म्हणून. मॅडमनी हसत एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. टाळूच्या मधोमध काळी रेघ उमटली होती. हाड उघडलं होतं, कल्याणी. त्या म्हणाल्या, दातांतली फट आपोआप मिटेल आणि हाडातली जागा नवीन हाडानं भरून निघेल. तशी ती भरलीही. वीस वर्षं मी इंजिनं उघडली, गिअरबॉक्स उतरवले, पण उघडल्यावर स्वतःच भरून येणारं काही मी तोवर बघितलं नव्हतं. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो.

आपल्या प्लेटीची चावी मी माझ्या हत्यारांच्या डब्यात, चांगल्या पान्यांबरोबर ठेवायचो. बुधवारी आणि रविवारी तू प्लेट तळहातावर धरून माझ्यापुढं उभी राहायचीस, "पप्पा, चावी!" बाणाच्या दिशेनं पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. फेरा झाला की मॅडमनी दिलेल्या वहीत तू खूण करायचीस. तुला वाटायचं की पप्पांना जगातल्या सगळ्या मशिनी कळतात, आणि तू तसं शाळेत सांगतही फिरायचीस. कॉलेजात मॅडमनी तुझ्या दातांचा प्लास्टरचा साचा मोजायला व्हर्निअर काढला, तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, हा तर आमच्या वर्कशॉपातला!" सगळे हसले, तूही हसलीस. तोंडावर हात न ठेवता तू हसलीस असं मला आठवणारं ते शेवटचंच.

कारण पुढच्या खेपेला तो प्रकार झाला. तीन महिने भरले होते. मॅडमनी प्लेट बघितली, साचा मोजला, वहीतल्या तुझ्या खुणा बघितल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "स्क्रू मागं फिरवलेला आहे. मुलं प्लेट घालत नाहीत, मग ती बसेनाशी होते, म्हणून गुपचूप मागं फिरवतात आणि वहीत मात्र खुणा करतात." तू म्हणालीस, "मी न्हाई फिरवला." त्यांनी परत विचारलं. तू परत तेच म्हणालीस. तुझ्या आईला एवढ्या कोटवाल्यांपुढं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फाडकन तुझ्या गालावर मारली, "खोटं बोलतीस व्हय? फुकट हाय म्हून किंमत न्हाई व्हय तुला?" तू रडली नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस. मॅडमनी प्लेट ठेवून घेतली आणि तुझं नाव अभ्यासातून काढलं.

मी गप्प बसलो.

त्यानंतर तू काय झालीस ते मी बघत आलोय. कुणी न विचारता तू एसटीचं तिकीट दाखवायचीस, मधे कुठं उतरले नाही म्हणून. गृहपाठावर बाईंची सही घेऊन यायचीस, तीही तारखेसकट. आता अवसरीच्या दवाखान्यात रक्त तपासतेस, तर परवा तुझी मैत्रीण वैष्णवी कौतुकानं सांगत होती की कल्याणी प्रत्येक आकडा दोनदा काढते आणि शेजारच्याची सही घेते. तिला तो तुझा काटेकोरपणा वाटला. मी अर्ध्या ताटावरून उठलो. तुझ्या आईला वाटलं भाजी बिघडली.

आता सांगतो. स्क्रू मी मागं फिरवायचो.

दर शनिवारी. वर्कशॉपात शनिवारी हत्यारं पुसून, तेल देऊन ठेवायचा नेम होता. सकाळची शाळा म्हणून तू वेणी घालत बसायचीस आणि मी मोरीवर तुझी प्लेट धुवायचो. स्क्रूला खोबरेल तेलाचा थेंब द्यायचो आणि चावी एक घर, म्हणजे पाव फेरा, मागं घ्यायचो. प्लेटीला तेलाचा वास येतो म्हणून तू तोंड वेंगाडायचीस ना? ते तेल माझं. वर्कशॉपात सावळाराम उस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. लोखंडात आटे पाडताना एक फेरा पुढं, अर्धा मागं. मधे अडकलेला कीस मोकळा करायचा, नुसतं रेटलं की मोडतं. वीस वर्षांत तो हिसका माझ्या हातात मुरला होता. पोरीच्या तोंडातली एवढीशी मशीन, ती जाम होऊ नये, म्हणून मी तिची देखभाल करत होतो! डॉक्टरांना सांगावं असं कधी डोक्यातही आलं नाही. मशीन ताब्यात दिली की तेलपाणी आपलं, ते कोण कुणाला सांगतं? आठवड्याला दोन पुढं, एक मागं. तुझा जबडा निम्म्यानंच चालला होता.

मॅडम "मागं फिरवलेला" म्हणाल्या, त्याच क्षणी मला कळलं. नंतर कळलं असतं तर निदान तेवढी सबब राहिली असती. तेव्हाच कळलं, आणि माझी जीभ उचलली नाही. मी खाकी गणवेशात होतो, मागच्याच खेपेला व्हर्निअरवरून ऐट मिरवली होती, आणि तुला वाटत होतं की पप्पांना सगळ्या मशिनी कळतात. म्हटलं, गाडीत सांगू. गाडीत तू खिडकीला डोकं लावून झोपलीस. म्हटलं, उद्या सांगू. मग दरवर्षी ते सांगणं आदल्या वर्षापेक्षा अवघड होत गेलं. मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. ती न जेवता झोपली, आणि आज सकाळपासून तुझ्या लहानपणीच्या कपड्यांचं बोचकं काढून बसलीय.

परवाच्या मंगळवारी मी रजा टाकून पुण्याला गेलो. हर्षाली मॅडम आता तिथं शिकवतात, केस पांढरे व्हायला लागलेत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरची तोंडं. छत्तीस मुलांची, महिन्यामहिन्याची, नाव आणि नंबर घालून जपलेली. तुझी चार होती. एक माझ्या हातात दिलं. तळहातात मावेल एवढं, दुधाची दाढ पडलेली जागासुद्धा जशीच्या तशी. अकरा वर्षं कुणीतरी माझ्या लेकीचं दहा वर्षांचं तोंड सांभाळून ठेवलं होतं, आणि मला साधं खरं बोलणं सांभाळता आलं नव्हतं. मी तिथं रडलो. लाज वाटली नाही.

मग त्यांनी व्हर्निअर काढला आणि चारही साचे माझ्यासमोर पुन्हा मोजले. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. महिन्याला दोन वाढायला हवे होते, तुझा एक वाढला होता. दर महिन्याला नेमका निम्मा. मॅडमनी ते आकडे एकाखाली एक लिहिले. म्हणाल्या, "हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. प्लेट न घालणाऱ्या मुलाचा आकडा असा सरळ चढत नाही. ही मुलगी रात्रंदिवस प्लेट घालत होती." बघ कल्याणी, तुझ्या हाडानं माझ्या हाताची एकेक हालचाल इमानानं लिहून ठेवली होती, पुढची आणि मागचीही. आता हाड जुळून पक्कं झालंय, नुसत्या स्क्रूनं भागणार नाही, थोडी शस्त्रक्रिया लागेल, पण करता येईल, असं त्या म्हणाल्या. करायची की नाही, ते तू ठरव.

एवढ्या वर्षांनी आत्ताच का, हे विचारायचा तुला हक्क आहे. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "जाऊ द्या पप्पा, फिरवलाही असेल मीच. लहान होते, आता आठवत नाही." अकरा वर्षं तू 'मी नाही' म्हणत होतीस आणि आता तूच स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडलंस, हे मला तेव्हा कळलं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू बघ. माझ्याबरोबर जायचं नसेल तर एकटी जा, वैष्णवीला घेऊन जा, पण वीस तारखेला जा आणि मॅडमना ते जुनं रजिस्टर मागून घे. सतराव्या नंबरला तुझं नाव आहे. पुढं 'मुलीचे सहकार्य नाही' असं लिहिलेलं होतं, त्यावर मॅडमनी लाल रेघ मारलीय. खाली नवीन नोंद आहे, 'मुलीने प्लेट नियमित वापरली. स्क्रू वडिलांनी मागे फिरवला.' त्याखाली माझी सही आहे.

तुझाच,
पप्पा