फ्लोराच्या शेजारची जागा

वालूर

प्रिय शुलामिथ,

तुझा फोन ठेवला आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले. तू रडत होतीस आणि सूनबाई आतून विचारत होती की भात लावू का. मी नुसतं हं हं केलं, त्याचा राग मानू नकोस. माझं डोकं लिहायला बसल्यावरच चालतं. तू ठाण्याच्या मराठी शाळेत शिकलीस हे फ्लोराने मला इतक्या वेळा ऐकवलंय, की हे पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागेल अशी भीती नाही. शिवप्रकाश याचे फोटो काढून तुला पाठवेल. वाचू नकोस म्हणून मी त्याला बजावलंय. वाचणारच तो, मी आई आहे त्याची.

तू जानेवारीत येणार, आईला इथल्या मातीतून काढून तिकडे इस्रायलला, अश्दोदला नेणार, सगळी कागदपत्रं झाली आहेत. नेण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तू म्हणालीस, "मावशी, आई तिथे परक्यांत एकटी पडली आहे," ते काही माझ्या कानातून जात नाही. म्हणून पाच वर्षांत जे तुला नीट सांगायचं राहिलं ते आज सांगते.

तुमच्या महिला मंडळाच्या बायका आल्या तेव्हा ज्यू म्हणजे कोण, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या लिंगायत समाजाचे वडीलधारे मन्मथअप्पा, त्यांनी तर सगळ्यांना पारशी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात फ्लोरा जीपमधून उतरली. सुती साडी, हातात नारळांची पिशवी, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत मलाच विचारते, वहिनी, शिलाईच्या मशिनी कुठे मांडायच्या? आमच्या कापडदुकानाच्या माडीवर मांडल्या. सत्यशीला आमच्या गावची आशा सेविका, तिने बायका गोळा केल्या. कापडी पॅड शिवायला शिकवणार म्हटल्यावर निम्म्या जणी तोंडाला पदर लावून पळाल्या, त्यांना फ्लोराने घरोघर जाऊन परत आणलं. येता-जाता ती माझ्या दाराच्या चौकटीला बोटं लावून ओठांना लावायची. तुमच्या चौकटीवर प्रार्थना ठोकलेली असते म्हणे, आमच्या चौकटीला नुसता निळा रंग. मी चिडवायचे. ती म्हणायची, हाताला सवय आहे, वहिनी, चौकटीचं काय एवढं बघायचं.

दुपारी मशिनी चालू असताना ती तुमच्या मंडळाच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायची. समाजातली बाई गेली की मंडळाच्या बायका जाऊन तिला शेवटची आंघोळ घालतात. तिला पालथं करायचं नाही. तिच्या अंगावरून वस्तू एकमेकींना द्यायची नाही. फालतू बोलायचं नाही. आणि मातीत जाईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही, कुणीतरी शेजारी बसायचंच. मी म्हटलं, अगं, मेलेल्याला काय कळतंय? तेव्हा ती पायडलवरचा पाय थांबवून म्हणाली, नव्या जागी जाताना माणूस घाबरतो, सोबत नको का? सत्यशीलेने हे सगळं कान देऊन ऐकलं होतं. पुढे ते आम्हालाच लागणार आहे, हे कुणाच्या स्वप्नात होतं!

टाळेबंदी लागायच्या जरा आधी बाकीच्या बायका परतल्या. फ्लोरा थांबली, कारण शेवटच्या गटाचं शिकणं अर्धवट होतं. मग एसटी बंद झाली आणि ती आमच्याच घरची झाली. पॅड बाजूला ठेवून गावासाठी मास्क शिवायला लागली. त्या शुक्रवारी सकाळी सत्यशीला माडीवर गेली, तर फ्लोराने मशिनीवर डोकं टेकलेलं, बोटांत दोऱ्याचं टोक, सुईत ओवायचं राहिलेलं. हृदय बंद पडलं, असं सेलूचे डॉक्टर म्हणाले. विमानं बंद होती आणि तू फोनवर नुसती आई आई करत होतीस.

शुक्रवारचा सूर्य मावळला की तुमचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ लागतो, त्याच्या आत माती द्यायला हवी होती. माझ्या न्हाणीघरात मी आणि सत्यशीलेने तिला आंघोळ घातली. मंडळाच्या रूबीताई ठाण्याहून फोनवर सांगत होत्या. फोन घंगाळाला टेकवला होता, नुसता आवाज, चित्र नाही, कारण फ्लोराची लाज राखायची होती. दुकानातलं मांजरपाट फाडून कपडे शिवले, त्यांना खिसा नाही, दोऱ्याला गाठ नाही. शेवटी रूबीताई म्हणाल्या, तिचं नाव घेऊन तिची क्षमा मागा. मी तिचे केस सारखे करत राहिले. सत्यशीलाच म्हणाली, "फ्लोराताई, आमाला तुमचं काई येत न्हाई. चुकलं आसंल तर माफ करा." मग मी तिच्या शेजारी बसले, निघेपर्यंत हलले नाही.

जागा मन्मथअप्पांनी आमच्या रुद्रभूमीत दिली. तुला माहीत नसेल, आम्ही माणसाला पुरतो ते बसवून, मांडी घालून, तळहातावर त्याचं इष्टलिंग देऊन. खणणाऱ्यांना काही सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी हाताच्या सवयीने आमचाच खड्डा खणला, चौकोनी, खोल, बसायचा. फ्लोराला घेऊन गेलो तेव्हा चूक कळली. ऊन उतरायला लागलेलं. कुणीतरी म्हणालं, बसवूनच टाका की आता. अप्पांनी काठी आपटली. "लय दिवस मशिनीवर बसली ती," म्हणाले, "आता तरी आडवी होऊ द्या तिला." मग त्या खड्ड्याच्या शेजारीच लांब खणून तिला निजवलं.

तो चौकोनी खड्डा मात्र तसाच बुजवला. आमच्याकडे खणलेली जागा रिकामी बुजवली की ती माणूस मागते, असं म्हणतात. आत नारळ टाकला, भस्म टाकलं. तरी दर पावसाळ्यात ती जागा खचते, आणि शिवप्रकाश दरवर्षी मुरूम टाकून येतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी माडीवरून मशिनीचा आवाज येतो, तेही सांगितलं नाही. उंदीर असतील म्हणून सत्यशीलेने मशिनीचा पट्टाच काढून ठेवला, तरी येतो. थोडा वेळ चालतं, मग थांबतं, जणू तिने पाय थांबवलाय आणि काही सांगणार आहे. पहिल्यांदा मी धावत वर जायचे. खुर्ची रिकामी, खिडकीतून ऊन, बाकी काही नाही. यंदा मला जिना चढवत नाही, म्हणून खालूनच ऐकते. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? आणि एखाद्या शुक्रवारी आवाज नाही आला तर त्याहून जास्त वाटते. आता दारातून जाताना माझीच बोटं त्या निळ्या चौकटीला लागतात. त्या दिवसापासून दोऱ्याला गाठ मारायला हात होत नाही, नातवाच्या शर्टाची बटणं गळतात आणि सूनबाई डोळे वटारते.

एक मात्र चांगलं झालं. तेव्हापासून गावात कुणाच्याही घरची बाई गेली आणि बोलावणं आलं, तर आम्ही दोघी जातो. सत्यशीला बौद्ध म्हणून आधी काही घरांनी नाकं मुरडली. त्यांना मी सांगितलं, येऊ तर दोघी, नाहीतर कुणीच नाही. आता आणखी बायका येतात, आणि क्षमा मागायचं काम अजून सत्यशीलेकडेच आहे. मला हल्ली घंगाळ उचलवत नाही, मी शेजारी बसायचं काम तेवढं करते.

लिहिता लिहिता दोनदा आडवी झाले, म्हणून अक्षर असं आहे. शुलामिथ, मला कर्करोग आहे, आणि तो पोटभर पसरलाय. जानेवारी दिसेल असं परभणीचे डॉक्टर म्हणत नाहीत, सत्यशीला त्यांच्याशी भांडून आली तरी म्हणत नाहीत. तू लेक आहेस, हक्क तुझा. न्यायचंच ठरवलंस तर शिवप्रकाश पुढे होऊन सगळं करेल, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पण अप्पांना मी एक मागितलं आणि ते हो म्हणाले. माझ्यासाठी नवा खड्डा खणायचा नाही, तो चौकोनी आहे तोच उकरायचा. सत्यशीला मला आंघोळ घालेल, क्षमा मागेल, आणि आमच्या रीतीने तुझ्या आईच्या शेजारी बसवतील. त्या दिवशी मातीत जाईपर्यंत बसले होते, पुढचंही बसेन. ती एकटी नाही, गं, आणि मलाही आता तिथे जायची भीती वाटत नाही, कारण ती आहे. तिला नेऊ नकोस. जानेवारीत ये, भेटायला ये. कबरीवर ठेवायला तुम्ही फुलाऐवजी खडा आणता, असं फ्लोरा म्हणायची. येताना एक जास्तीचा आण.

तुझ्या आईची शेजारीण, आणि तुझीच,
महेश्वरीमावशी